कुरण सर्वांचे, राखण कुणाची?

सामायिक मालमत्ता माणसांच्या हाती सोपवली की तिची लूट ठरलेलीच, हे गृहीतक अनेक दशके पर्यावरणविषयक धोरणांच्या मुळाशी होते. प्रा. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी उभे आयुष्य विहिरी, पाट, कुरणे आणि जंगले यांचा अभ्यास करून त्याला पुराव्यानिशी आव्हान दिले. त्यांच्या अभ्यासाचा आणि त्यातून बदललेल्या पर्यावरणीय राजकारणाच्या आकलनाचा हा परिचय.

१२ ऑक्टोबर २००९ रोजी स्टॉकहोममध्ये अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाची घोषणा झाली, तेव्हा अनेक नामवंत अर्थशास्त्रज्ञांनाही दोन मानकऱ्यांपैकी एक नाव अपरिचित वाटले. ऑलिव्हर विल्यमसन हे नाव त्यांच्या विश्वातले होते. परंतु एलिनॉर ऑस्ट्रॉम? त्या अर्थशास्त्राच्या नव्हे, राज्यशास्त्राच्या प्राध्यापक. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टन या विद्यापीठनगरीत चार दशकांहून अधिक काळ त्यांनी अध्यापन केले होते. अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. त्यानंतर २०१९ मध्ये एस्थर डफ्लो आणि २०२३ मध्ये क्लॉडिया गोल्डिन यांना हा मान मिळाला.

निवड समितीने त्यांच्या ज्या कामाचा गौरव केला, त्याचा विषय वरवर पाहता साधा होता. जे कुणा एकाचे नाही आणि ज्यावर अनेकांचे पोट अवलंबून आहे, ते टिकवायचे कसे? गावचे कुरण, नदीचे पाणी, जमिनीखालचा साठा, समुद्रातली मासळी, डोंगरावरचे जंगल या साऱ्यांना हा प्रश्न लागू होतो. त्याचे उत्तर कोण देते, यावर सत्ता कुणाच्या हाती राहणार हेही ठरते. म्हणूनच हा प्रश्न केवळ पर्यावरणाचा नाही, तो राजकारणाचाही आहे.

त्रिकोणमिती न शिकलेली विद्यार्थिनी

ऑस्ट्रॉम यांचा जन्म ७ ऑगस्ट १९३३ रोजी लॉस एंजेलिस येथे झाला. आईवडील विभक्त झालेले आणि दिवस आर्थिक मंदीचे. बेव्हर्ली हिल्ससारख्या श्रीमंत वस्तीतील शाळेत त्या शिकल्या खऱ्या, पण एका सामान्य घरातली मुलगी म्हणूनच. बीजगणित आणि भूमितीत अव्वल गुण नसलेल्या मुलींना त्रिकोणमितीच्या वर्गात घेतले जात नसे. हे दार बंद झाल्याचा परिणाम पुढे फार दूरवर झाला. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९५४ मध्ये पदवी घेऊन त्या नोकरी शोधू लागल्या, तेव्हा त्यांना पहिला प्रश्न विचारला गेला तो टंकलेखन आणि लघुलेखन येते का, हा. पत्राद्वारे लघुलेखन शिकून त्यांनी ही अट पूर्ण केली. पुढे शेतकऱ्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या मुलाखती टिपून घेताना ही विद्या आपल्याला फार उपयोगी पडली, असे त्या सांगत.

काही वर्षे नोकरी केल्यानंतर त्यांनी पीएच.डी.साठी अर्थशास्त्र विभागाकडे विचारणा केली. गणिताची तयारी पुरेशी नाही, या कारणास्तव तेथे त्यांची निराशा झाली. राज्यशास्त्र विभागाने प्रवेश दिला, पण तोही सहजासहजी नव्हे. सुमारे चाळीस विद्यार्थ्यांच्या तुकडीत अवघ्या चार महिला होत्या आणि त्यांना प्रवेश देण्यावरून प्राध्यापकांमध्ये कुरबूर झाली होती. ज्या विषयाने त्यांना उंबरठ्यावरून परत पाठवले, त्याच विषयाचे सर्वोच्च पारितोषिक जवळपास पाच दशकांनंतर त्यांच्याकडे आले.

विहिरीत शिरलेला समुद्र

विद्यापीठात व्हिन्सेंट ऑस्ट्रॉम यांच्या अभ्यासवर्गात विद्यार्थ्यांना दक्षिण कॅलिफोर्नियातील भूजलाची एकेक खोरी अभ्यासासाठी वाटून देण्यात आली. एलिनॉर यांच्या वाट्याला ‘वेस्ट बेसिन’ आले. लॉस एंजेलिसच्या किनारी भागाखालच्या या साठ्यातून शहरे, पाणीपुरवठा कंपन्या, कारखाने आणि शेतकरी असे सारेच उपसा करीत. जमीन ज्याची, त्याखालचे पाणीही त्याचे, असा समज होता. आज आपण उपसले नाही तर उद्या शेजारी उपसणार, मग थांबायचे कशाला? परिणामी पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्याही खाली गेली आणि किनाऱ्यालगतच्या विहिरींत खारे पाणी शिरू लागले. साठा एकदा खारावला की तो कुणाच्याच कामाचा राहणार नव्हता.

पुढे जे घडले त्यात ऑस्ट्रॉम यांना आपला विषय सापडला. उपसा करणाऱ्यांनी आपली संघटना स्थापन केली, भूगर्भाची शास्त्रीय माहिती जमवली, न्यायालयात दावे दाखल केले आणि न्यायालयाच्याच छत्राखाली आपसात तडजोड घडवून प्रत्येकाच्या उपशावर मर्यादा घातली. किनाऱ्यालगत विहिरींची रांग खोदून त्यांत गोडे पाणी सोडण्यात आले आणि समुद्राला पाण्याचीच भिंत घालण्यात आली. कोण किती उपसतो याचा हिशेब एक निरीक्षक ठेवी आणि तो सर्वांना पाहता येई. शेजाऱ्याचा आकडा उघड झाल्यामुळे आपण एकटेच फसवले जात नाही, ही खात्री प्रत्येकाला पटली. हा सारा खटाटोप १९६५ मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या प्रबंधाचा विषय ठरला. दरम्यान, १९६३ मध्ये त्यांचा व्हिन्सेंट यांच्याशी विवाह झाला होता.

हार्डिन यांचा गुराखी

ऑस्ट्रॉम यांच्या प्रबंधानंतर तीन वर्षांनी, डिसेंबर १९६८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाचा एक लेख प्रसिद्ध झाला. ‘सामायिकांची शोकांतिका’ हे त्याचे शीर्षक पुढे जगभर परवलीचे झाले. एक खुले कुरण आहे अशी कल्पना करा, असे हार्डिन सांगतात. प्रत्येक गुराखी विचार करतो की आपण एक गाय वाढवली तर तिचा सारा लाभ आपल्याला मिळेल आणि गवताचे नुकसान मात्र सर्वांत वाटले जाईल. मग तो गाय वाढवतो. प्रत्येकजण हेच करतो आणि कुरण उजाड होते. यावर उपाय दोनच उरतात. कुरणाचे तुकडे करून ते खासगी मालकीचे करा किंवा सरकारच्या ताब्यात द्या.

हा युक्तिवाद सोपा होता आणि सत्ताधाऱ्यांना सोयीचाही. जंगले वन खात्याकडे, पाणी पाटबंधारे खात्याकडे, मासेमारी सरकारी परवान्यांकडे अशी रचना जगाच्या अनेक भागांत आधीपासूनच होती. तिला आता शास्त्राचा आधार मिळाला. भारतात तर १८७८ च्या वन कायद्याने ब्रिटिशांनी गावांच्या वहिवाटीतील प्रचंड वनक्षेत्र राखीव ठरवले होते. जंगलाची राखण करणारा गावकरी कायद्याच्या लेखी चोर ठरला, ही येथील जुनी व्यथा आहे.

ऑस्ट्रॉम यांना या युक्तिवादातली फट दिसली. हार्डिन यांचे गुराखी एकमेकांशी बोलतच नाहीत. ते कधी एकत्र बसत नाहीत, नियम करीत नाहीत, कुणाला जाब विचारीत नाहीत. वेस्ट बेसिनमधली माणसे मात्र बोलली होती, भांडली होती, न्यायालयात गेली होती आणि शेवटी एका तोडग्यावर आली होती. हार्डिन ज्याला सामायिक म्हणत होते ते वस्तुतः बेवारस होते. गावाचे गायरान आणि कुणाचीच नसलेली मोकळी जमीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सुताराच्या कामठ्यासारखे अभ्यासकेंद्र

१९६५ मध्ये व्हिन्सेंट यांना इंडियाना विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले आणि दोघे ब्लूमिंग्टनला आले. एलिनॉर यांना मिळाले ते आठवड्यातून तीन दिवस, तेही सकाळी साडेसात वाजता, अमेरिकन शासनव्यवस्था शिकवण्याचे काम. तेथून त्यांनी वाटचाल सुरू केली. १९७० च्या दशकात त्यांनी महानगरांतील पोलीस सेवेचा अभ्यास केला. लहान पोलीस दले एकत्र करून एकच मोठे दल केले की कारभार सुधारतो, असे तेव्हा मानले जाई. विद्यार्थ्यांना गस्तीच्या गाड्यांतून फिरवून आणि नागरिकांना प्रश्न विचारून त्यांनी दाखवून दिले की, रस्त्यावरच्या दैनंदिन कामात लहान आणि मध्यम दले मोठ्यांपेक्षा कमी पडत नाहीत, उलट बहुधा सरसच ठरतात. एका केंद्रातून चालणारा कारभारच उत्तम, या समजुतीला दिलेला हा पहिला धक्का होता.

१९७३ मध्ये पतिपत्नींनी विद्यापीठात राज्यशास्त्रीय सिद्धांत आणि धोरणविश्लेषण यांचे अभ्यासकेंद्र सुरू केले. त्याच्या नावात त्यांनी ‘वर्कशॉप’ हा शब्द मुद्दाम योजला. दोघेही एका कुशल सुताराच्या हाताखाली स्वतः फर्निचर घडवायला शिकले होते. संशोधनही तसेच उस्ताद आणि शिकाऊ यांनी एका बाकावर बसून करावे, अशी त्यांची धारणा होती. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, मानववंशशास्त्र, जीवशास्त्र अशा अनेक शाखांचे लोक तेथे एकत्र आले. जगभरच्या संशोधकांनी एकेका गावाविषयी लिहून ठेवलेले आणि विद्याशाखांच्या कप्प्यांत विखुरलेले शेकडो अभ्यास या केंद्रात गोळा झाले आणि प्रथमच एकमेकांशेजारी ठेवून वाचले गेले.

तोर्बेलच्या गायी, अलान्याची जाळी

या वाचनातून १९९० मध्ये ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ हे पुस्तक सिद्ध झाले. त्यातली उदाहरणे वाचताना हार्डिन यांचा एकाकी गुराखी नजरेआड होतो आणि खरी माणसे दिसू लागतात. स्वित्झर्लंडच्या तोर्बेल या डोंगराळ गावात १५१७ पासून नियम आहे की, हिवाळ्यात स्वतःच्या वैरणीवर जितक्या गायी पोसता येतील तितक्याच उन्हाळ्यात सामायिक कुरणावर न्यायच्या. स्पेनमधील व्हॅलेन्सियात पाण्याचे तंटे सोडवणारे शेतकऱ्यांचे न्यायालय दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दाराशी भरते. तेथे वकील नसतात आणि निकाल तोंडी व तत्काळ दिला जातो. जपानच्या काही गावांत सामायिक डोंगरावर पाळतीसाठी फिरणारे राखणदार नियम मोडणाऱ्याकडून रोकड आणि साके ही मद्याची बाटली वसूल करीत. दंड जबर नसे, पण गावात चर्चा होई.

तुर्कस्तानातील अलान्याच्या मच्छीमारांची युक्ती तर विशेष लक्षणीय आहे. चांगल्या जागांवरून हाणामाऱ्या होऊ लागल्यावर त्यांनी समुद्रातल्या जागांची यादी केली. दर सप्टेंबरमध्ये चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या जात. त्यानंतर रोज प्रत्येक नाव पूर्वेकडच्या पुढल्या जागेवर सरके आणि जानेवारीनंतर उलट दिशेने. प्रत्येकाला कधी ना कधी उत्तम जागा मिळणारच होती. आपल्या वाट्याची चांगली जागा कुणी बळकावली तर तो मच्छीमार स्वतःच ओरड करी, त्यामुळे वेगळ्या पहारेकऱ्याची गरज उरली नाही.

फसलेली उदाहरणेही ऑस्ट्रॉम यांनी लपवली नाहीत. त्याच तुर्कस्तानात बोदरूम आणि इझमीर येथील मच्छीमारांना असा मेळ साधता आला नाही. यश आणि अपयश यांची तुलना करून त्यांनी दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांची आठ लक्षणे मांडली. संसाधनाची आणि हक्कदारांची हद्द स्पष्ट असते. नियम स्थानिक परिस्थितीला धरून असतात आणि लाभ व कष्ट यांचे प्रमाण जुळते. ज्यांना नियम पाळायचे असतात, त्यांना ते बदलण्यातही वाटा असतो. देखरेख करणारे लोकांना उत्तरदायी असतात. शिक्षा पहिल्या चुकीला सौम्य आणि पुढे कडक होत जाते. तंटे स्वस्तात व लवकर सुटतात. सरकार लोकांचा संघटित होण्याचा हक्क मान्य करते. आणि संसाधन मोठे असेल तर लहान संस्था मोठ्या संस्थांत गुंफलेल्या असतात.

नेपाळमधील पक्के बंधारे

या मांडणीची कसोटी नेपाळमध्ये लागली. ऑस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील शंभराहून अधिक सिंचन योजनांची माहिती जमवली. त्यांतील काही सरकारी खात्याच्या होत्या, तर काही शेतकऱ्यांनी स्वतः बांधलेल्या. शेतकऱ्यांचे बंधारे दगड, माती आणि झाडाच्या फांद्यांचे, दर पावसाळ्यात वाहून जाणारे. सरकारी बंधारे सिमेंटचे, अभियंत्यांनी आखलेले. तरीही पाटाच्या शेवटच्या टोकापर्यंत पाणी पोचवण्यात आणि पीक काढण्यात शेतकऱ्यांच्या योजनाच सरस ठरल्या.

यामागचे कारण मार्मिक होते. कच्चा बंधारा दरवर्षी दुरुस्त करायचा तर पाटाच्या तोंडाशी असलेल्या शेतकऱ्याला टेलच्या शेतकऱ्याचे हात लागत. श्रम हवे असतील तर पाणी द्यावेच लागे. पक्का बंधारा आला आणि वरच्याला खालच्याची गरज उरली नाही. सिमेंटने गळती थांबवली, पण टेलच्या माणसाच्या हातातले एकमेव बळही काढून घेतले. महाराष्ट्रात पाण्याच्या आवर्तनावरून दरसाल जे तंटे होतात, ते पाहणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

नोबेल समितीने आपल्या निवेदनात गवताळ प्रदेशांचा दाखला दिला होता. उपग्रहाने टिपलेल्या छायाचित्रांत मंगोलियाची सुमारे एक दशांश कुरणे खालावलेली आढळली. शेजारच्या चीनमध्ये हे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक, तर रशियात सुमारे तीन चतुर्थांश होते. मंगोलियात हंगामानुसार कळप हलवण्याची पशुपालकांची जुनी रीत टिकली होती. अन्यत्र सरकारने आधी सामूहिक शेती लादली आणि चीनमध्ये नंतर कुरणांचे वाटप केले. हार्डिन यांनी सुचवलेले दोन्ही उपाय तेथे करून झाले होते.

महाराष्ट्राच्या मातीत

ऑस्ट्रॉम यांची आठ लक्षणे महाराष्ट्राला अनोळखी नाहीत. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, गिरणा अशा नद्यांवर शतकानुशतके चाललेली फड पद्धत हे त्याचे ठळक उदाहरण. बंधाऱ्याखालच्या क्षेत्राचे फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पाणी कमी असेल त्या वर्षी फडांची संख्या कमी करायची आणि टंचाईही वाटून घ्यायची. पाणी देण्यासाठी पाटकरी, पिकाच्या राखणीसाठी जागल्या, अशी गावानेच नेमलेली माणसे असत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने तर पुढचे पाऊल टाकले. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, कुटुंबातील माणशी द्यायचे, भूमिहीनालाही त्यात हक्क आणि उसाला बंदी.

आणि गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा). ऑस्ट्रॉम यांना नोबेल जाहीर झाले त्याच २००९ मध्ये, धानोरा तालुक्यातील या गोंड आदिवासी गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा प्रसिद्ध आहे. ग्रामसभेत निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात आणि त्याआधी अभ्यासगटांत प्रश्नाचा कीस पाडला जातो. तरीही हक्काचा कागद हाती आल्यावर स्वतःच्या जंगलातला बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याचे अधिकार मिळायला २०११ उजाडले. सरकारने लोकांचा संघटित होण्याचा हक्क मान्य केला पाहिजे, हे ऑस्ट्रॉम यांचे लक्षण कागदावर जितके सोपे, तितकेच प्रत्यक्षात अवघड. त्याच वर्षी जानेवारीत सामायिक संसाधनांवरील आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी ऑस्ट्रॉम हैदराबादला आल्या होत्या.

गाव म्हणजे कोण?

या विचाराला आक्षेपही आहेत आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. स्वित्झर्लंडच्या गावात जे जमले ते जातीपातींत विभागलेल्या गावात जमेल का? हद्द स्पष्ट असावी असे म्हणताना हद्दीबाहेर कोण राहतो? महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी नाही. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी पडीक आणि सरकारी जमिनीवर हक्क मागितला. गायरान साऱ्या गावाचे असे म्हणणाऱ्या गावाने वेशीबाहेरच्या वस्तीला त्या ‘साऱ्या’त कितपत धरले होते, हेच त्या लढ्याने विचारले. नियम करणाऱ्या बैठकीत कुणाला बसू दिले जाते, याचे उत्तर आठ लक्षणांच्या यादीतून आपोआप मिळत नाही. ऑस्ट्रॉम यांच्यावर सत्तेच्या विषमतेकडे कमी लक्ष दिल्याची टीका झाली, ती याच कारणासाठी.

दुसरा आक्षेप आकाराचा. शंभर कुटुंबांचे कुरण आणि साऱ्या पृथ्वीचे वातावरण यांची तुलना कशी करणार? हवामान बदलाबाबत ऑस्ट्रॉम यांचे म्हणणे असे होते की, जागतिक करार आवश्यक आहे, पण त्याची वाट पाहत हातावर हात ठेवून बसणे घातक आहे. शहरे, राज्ये, गावे आणि संस्था यांनी आपापल्या पातळीवर सुरुवात करावी. अनेक केंद्रांतून चालणाऱ्या प्रयत्नांत एक फसला तरी दुसऱ्याकडून शिकता येते. मात्र एकच औषध सर्व रोगांवर चालत नाही, हे त्या सतत बजावत. सरकार नको, बाजार नको, केवळ समाज हवा, असा अर्थ त्यांच्या कामातून काढणाऱ्यांनाही हा इशारा लागू होता.

त्यांच्या प्रयोगशाळेतला एक निष्कर्ष शहरी वाचकाने विशेष लक्षात ठेवावा असा आहे. विद्यार्थ्यांना सामायिक साठ्यातून कमाई करण्याचा खेळ दिला गेला. बोलण्यास मनाई असताना त्यांनी हार्डिन यांच्या गुराख्यासारखाच साठा ओरबाडला. समोरासमोर बसून बोलण्याची मुभा मिळताच मात्र त्यांनी आपसात मर्यादा ठरवल्या आणि बहुतेकांनी त्या पाळल्या.

पारितोषिकाच्या रकमेतील आपला वाटा ऑस्ट्रॉम यांनी विद्यापीठाला, आपल्या अभ्यासकेंद्राच्या कामासाठी दिला. कर्करोगाचे निदान झाल्यावरही त्यांचे काम थांबले नाही. रिओ येथील पर्यावरण परिषदेच्या तोंडावर त्यांनी लिहिलेला लेख १२ जून २०१२ रोजी प्रसिद्ध झाला आणि त्याच दिवशी त्यांचे निधन झाले. सतरा दिवसांनी, २९ जूनला, व्हिन्सेंटही गेले.

एकाच भूजलसाठ्यावर आज शेजारशेजारच्या गृहनिर्माण संस्था आपापल्या कूपनलिका खोल करीत आहेत. कोण किती उपसतो हे शेजाऱ्याला ठाऊक नसते आणि उन्हाळ्यात टँकर मात्र सर्वांच्याच दाराशी उभा राहतो. लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यावरील उपसाधारकांनी पहिली गोष्ट केली ती ही की, साऱ्यांना एका खोलीत बोलावले आणि प्रत्येकाचा उपसा कागदावर मांडला. पुढचे सारे त्यानंतर घडले.